परदेशी मालाची स्पर्धा, बेकार कारागीर आणि सरकारी साहाय्य

परदेशी माल बाजारात आल्यामुळे ज्यांचे काम जाते त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिला आहे. तथापि महाराष्ट्रात तो कोणत्या क्रमाने उत्पन्न झाला आणि निरनिराळ्या काळी राज्यकर्त्यांनी त्याची कोणती उत्तरे दिली, याची सुसंगत मांडणी एका ठिकाणी व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. बालाघाटाच्या पठारावरील लिंबागणेश हे प्रस्तुत लेखकाचे गाव. भालचंद्र गणेशाच्या क्षेत्रामुळे त्याचे नाव भाविकांस परिचित आहे. गिरण्यांच्या इतिहासात मात्र त्यास स्थान नाही. असे असता येथे बसून गिरणी कामगारांचा विचार करण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर पुढे ओघाने येईलच. येथे एवढेच सांगतो की, या प्रश्नाचा हिशेब ज्या वहीत सरकारने कधी लिहिला नाही, ती वही खेड्यांची आहे.

विषयमर्यादा प्रथम स्पष्ट केली पाहिजे. साहाय्याचे तीन प्रकार संभवतात. परदेशी मालावर जकात बसवून धंद्याचे रक्षण करणे हा पहिला. बेकार माणसास अन्न किंवा मजुरी देऊन त्याचे प्राण वाचविणे हा दुसरा. आणि त्याच्या हातातील कसबास काम देणे, अथवा नवे काम मिळेपर्यंत त्याच्याच हाती वेतन देणे, हा तिसरा. हे तिन्ही प्रकार सामान्यतः ‘मदत’ या एकाच शब्दाखाली गणले जातात. परंतु पहिल्याने धंदा वाचतो, दुसऱ्याने देह वाचतो आणि तिसऱ्यानेच कारागीर वाचतो. हा भेद ध्यानात ठेवून पुढील वृत्तांत वाचावा.

(१) प्राचीन विचार

आपल्याकडील राजनीतिशास्त्रास हा विषय अगदीच अपरिचित नव्हता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘अध्यक्षप्रचार’ नामक दुसऱ्या अधिकरणात पण्याध्यक्षाची कर्तव्ये सांगताना, परभूमीतील माल सवलती देऊन स्वदेशात येऊ द्यावा, असा उपदेश केला आहे. म्हणजे कौटिल्य आयातीचा शत्रू नव्हे. परंतु त्याच अधिकरणात पुढे सूत्राध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. विधवा, व्यंग असलेल्या स्त्रिया, वृद्ध दासी इत्यादी निराधार स्त्रियांकडून सूत कातवून घेणे आणि सुताची प्रत व परिमाण पाहून वेतन देणे, हे त्याचे काम होय. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहीत त्यांच्याकडे आपल्या दासींकरवी काम पोहोचवावे, इतका सूक्ष्म विचारही तेथे आढळतो. यावरून कौटिल्यकाळी प्रत्यक्ष व्यवहार असाच होता, असे अनुमान काढणे साहसाचे होईल. शास्त्रग्रंथ हा दफ्तर नव्हे. परंतु परक्या मालास दार उघडणारा एक अध्यक्ष असेल, तर दुर्बळाच्या हातास काम पुरविणारा दुसरा असावा, ही जोडी शास्त्रकारास सुचली होती, एवढे निर्विवाद आहे. इंग्रजी अमलात या जोडीतील पहिला अध्यक्ष राहिला आणि दुसऱ्याची जागा रिकामी पडली.

(२) जकातीचा इतिहास

यंत्राच्या सुताचा पहिला आघात विणकरावर झाला नाही, तो सूत कातणाऱ्या स्त्रियांवर झाला. विलायती सूत स्वस्त व एकसारखे मिळू लागल्यावर विणकराने ते घेतले आणि त्याचा माग काही काळ चालू राहिला; घरोघरचा चरखा मात्र थांबला. या स्त्रियांची संघटना नव्हती, पेठ नव्हती, कोणत्याही वहीत नाव नव्हते; म्हणून त्यांच्या बेकारीचा अर्जही कोठे दाखल झाला नाही. पुढे विलायती कापडच गावोगावच्या बाजारी आले, तेव्हा साळी, कोष्टी व मोमीन यांच्या मागांवर संकट कोसळले.

या वेळी हिंदुस्थान सरकारच्या हाती जकातीचे साधन होते. परंतु ते कारागिराच्या हितासाठी वापरण्याचे स्वातंत्र्य नव्हते. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या आग्रहास्तव १८८२ साली सुती मालावरील आयात जकात उठविण्यात आली. पुढे तिजोरीच्या ओढीमुळे १८९४ साली ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा तिच्या बरोबरीने देशी गिरण्यांच्या सुतावरही कर बसला. १८९६ साली आयात कापडावर शेकडा साडेतीन आणि देशी गिरणीच्या कापडावरही शेकडा साडेतीन, असे समीकरण ठरले. हातमाग या करातून वगळलेला होता, हे नमूद केले पाहिजे. तथापि देशी गिरणीस परदेशी गिरणीपेक्षा कणभरही अधिक आश्रय मिळू नये, हा या योजनेचा उघड हेतू होता.

हा कर कसा गेला, ती हकीकत मननीय आहे. १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मंदीचे कारण दाखवून मजुरीत शेकडा साडेअकरा कपात जाहीर केली. कामगारांनी सप्टेंबरात संप पुकारला, तो डिसेंबरापर्यंत टिकला. अखेर सरकारने देशी कापडावरील कर तहकूब केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. पुढील वर्षी तो कर कायमचा रद्द झाला. तीस वर्षे अर्जविनंत्यांनी जे झाले नाही ते कामगारांनी उपास काढल्यावर झाले. कर गेल्याचा लाभ गिरणीस मिळाला. त्याची किंमत मात्र कामगाराच्या कुटुंबाने भरली होती.

(३) दुष्काळसंहिता आणि विणकर

जकातीचे दार असे बंद असता विणकरास जे काही सरकारी साहाय्य मिळाले, ते दुष्काळाच्या नावाने मिळाले. १८७६ ते १८७८ च्या घोर दुष्काळानंतर आयोग नेमला गेला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यावरून दुष्काळनिवारणाच्या संहिता तयार झाल्या. त्यांतील मुख्य तत्त्व असे की, जो धडधाकट आहे त्याने सरकारी कामावर येऊन शारीरिक श्रम करावेत व मजुरी घ्यावी. खडी फोडणे, माती वाहणे, तलाव खोदणे ही ती कामे होत. शेतकऱ्याच्या हातास ती परकी नव्हती. परंतु विणकराची गोष्ट निराळी. तुटलेला बारीक धागा बोटांच्या अग्रांनी सांधणारा हात चार महिने हातोडा धरील, तर तो पुन्हा फणीतून धागा ओवण्यास पूर्वीसारखा समर्थ राहत नाही. शिवाय कामावर जाण्यासाठी घर सोडावे लागे. माग, फणी व धोटा विकावे लागत. पाऊस पडल्यावर शेतकरी शेताकडे परतला. विणकराने परतावे कोठे? त्याचा दुष्काळ मेघांनी आणलेला नव्हता, त्यामुळे मेघांनी तो हरणही होणार नव्हता.

हा भेद तत्कालीन लोकनायकांच्या लक्षात आला होता. १८९६–९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी सोलापूर व नगर येथील पुढाऱ्यांशी विचारविनिमय करून तेथील विणकरांसाठी एक योजना सिद्ध केली. कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समित्या नेमाव्यात आणि सरकारच्या सहकार्याने विणकरांस साहाय्य द्यावे, असे तिचे स्वरूप होते. वायव्य प्रांताच्या दुष्काळसंहितेतील अशाच तरतुदींचा तेथे उपयोग करण्यात आला होता. असे असूनही मुंबई सरकारने या योजनेस मंजुरी दिली नाही. एकाच साम्राज्यातील एका प्रांतात जे शक्य ठरले ते दुसऱ्या प्रांतात नाकारले गेले, यावरून प्रश्न साधनांचा नसून दृष्टीचा होता, असे म्हणणे भाग आहे. दुष्काळ संपला की मदत संपावी, हा संहितेचा नियम. आणि मागावरील संकट तर दुष्काळ संपल्यावरही संपत नव्हते. रोगाचे निदान चुकीचे लिहिले की पथ्यही चुकीचे ठरते, तसा हा प्रकार झाला.

(४) निजामी मुलूख

येथवरचा वृत्तांत इंग्रजी मुलखाचा झाला. बीड परगणा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून तेथील स्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८०२ च्या व्यापारी तहाने कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावर शेकडा पाच ही जकातीची मर्यादा ठरली. पुढे या जकातीचे खाते ‘करोडगिरी’ या नावाने लोकांस परिचित झाले. म्हणजे आपल्या कारागिराच्या रक्षणासाठी जकात वाढवावी, असे हैदराबादच्या दिवाणांच्या मनात आले असते, तरी तो मार्ग मोकळा नव्हता. १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत लहान रुळांची आगगाडी आली आणि १९११ साली ती लातुरास पोहोचली. याच मार्गाने आमच्या भागाचा कापूस व गळिताचे धान्य बाहेर गेले आणि मुंबईकडचा माल आत आला. पैठणचे जरतारी वस्त्र व औरंगाबादचा हिमरू यांस श्रीमंतांचा आश्रय होता, म्हणून ते क्षीण होऊनही तगले. जाडेभरडे लुगडे व पासोडी विणणाऱ्यास असा आश्रयदाता नव्हता.

हैदराबाद सरकारने १९२९ साली एक कोटी रुपयांचा औद्योगिक विश्वस्त निधी स्थापिला, हे त्याच्या औद्योगिक धोरणातील महत्त्वाचे पाऊल होय. परंतु या निधीचा मोठा ओघ कारखान्यांचे भाग घेण्याकडे वळला. गिरणी उभी राहिल्यास रोजगार आपोआप वाढेल, ही त्यामागील श्रद्धा. ती सर्वस्वी निराधार नव्हती. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीने पुष्कळांस अन्न दिले. मात्र ज्या विणकराचा माग थांबला त्यालाच गिरणीत काम मिळेल, असा कोणताही दुवा या धोरणात नव्हता.

(५) जपानी कापड, गिरणी आणि कापूस

१९२० नंतर लँकेशायरची जागा हळूहळू जपानने घेतली. १९२७ साली टॅरिफ बोर्डाने आपल्या अहवालात, जपानी गिरण्यांत दुहेरी पाळी चालते व रात्रपाळीत स्त्रियांना राबविले जाते, याकडे लक्ष वेधले. १९३० साली सुती कापड उद्योगाच्या संरक्षणाचा कायदा झाला. ब्रिटिश मालावर शेकडा पंधरा व इतर परदेशी मालावर शेकडा वीस जकात बसली. पुढे इतर परदेशी मालावरील हा दर ऑगस्ट १९३२ मध्ये पन्नास आणि जून १९३३ मध्ये पंचाहत्तर झाला. तीस वर्षांपूर्वी साडेतीन टक्क्यांचा कर समतोल राखण्यासाठी दोन्ही पारड्यांत घालणारे हेच सरकार होते, हे लक्षात घेतले म्हणजे बदलाची महती कळते.

यावर जपानने हिंदी कापसाची खरेदी थांबविली. येथे गिरणीचा प्रश्न एकदम शेताच्या बांधावर येऊन उभा राहतो. हिंदी आखूड धाग्याच्या कापसाचे जपान हे मोठे गिऱ्हाईक होते आणि मराठवाड्याची काळी जमीन तर कापसाचे आगर. म्हणजे मुंबईच्या कामगाराच्या रक्षणार्थ लावलेल्या जकातीचा भार, ज्याने गिरणीचे धुराडेही पाहिले नाही अशा शेतकऱ्यावर पडू लागला. जानेवारी १९३४ मध्ये दिल्लीस तडजोड झाली. जकात पन्नासवर आली, आणि जपानने दहा लक्ष गाठी कापूस घेतल्यास बत्तीस कोटी पन्नास लक्ष वार कापड पाठवावे, पंधरा लक्ष गाठी घेतल्यास चाळीस कोटी वारांपर्यंत पाठवावे, असे प्रमाण ठरले. गाठीस वार जोडून दिला गेला. दोन हितांच्या संघर्षात तोल साधण्याचा हा प्रयत्न कुशल होता, यात संशय नाही.

परंतु कामगारास काय मिळाले? संरक्षक जकात चालू असतानाच मुंबईच्या गिरण्यांत मजुरी कापली गेली आणि एप्रिल १९३४ मध्ये सार्वत्रिक संप झाला. त्या वर्षी मुंबई सरकारने तंट्यांच्या समेटाचा कायदा करून सरकारी कामगार अधिकारी नेमला. कापलेली मजुरी मात्र जकातीने परत आणली नाही. यावरून जो सिद्धांत निघतो तो असा: जकात गिरणीचे रक्षण करते, गिरणीने कामगाराचे रक्षण करावे अशी अट कायद्यात नसेल, तर ते होईलच असे नाही.

याच वर्षी एक लहान पण विशेष अशी तरतूद झाली. परदेशी सुतावर संरक्षक जकात बसल्याने सूत विकत घेणाऱ्या हातमागवाल्याचा खर्च वाढत होता. ही हानी सरकारच्या धोरणानेच होत आहे हे मान्य करून, त्या जकातीच्या उत्पन्नातून हातमागासाठी पाच वर्षे अनुदान देण्याचे ठरले. त्याची रक्कम वार्षिक सुमारे पाच लक्ष रुपये होती आणि ती प्रांतिक सरकारांस वाटण्यात आली. मुंबई प्रांतात ती मुख्यतः सहकारी संस्थांच्या द्वारे सूतपुरवठा, सुधारलेली साधने व कापडाची विक्री यांवर खर्च झाली. देशातील लक्षावधी मागांच्या मानाने ही रक्कम ‘समुद्रात मूठभर सातू’ म्हणावी इतकीच होती. तरीही तिचे तत्त्व मोलाचे होते. धोरणामुळे ज्याचे नुकसान झाले त्यास त्याच धोरणाच्या उत्पन्नातून भरपाई द्यावी, आणि ती त्याच्या कसबाच्या मार्गाने द्यावी, ही गोष्ट येथे कबूल केली गेली. सूत्राध्यक्षाची रिकामी जागा अल्पकाळ का होईना भरली गेली, असे म्हणता येईल.

(६) खेडे हाच विमा

गिरणी कामगारासाठी असे काही झाले नाही, त्याचे कारण १९३१ च्या व्हिटले आयोगाच्या अहवालात सापडते. बेकारीच्या राष्ट्रीय विम्याची योजना या देशात व्यवहार्य नाही, असे त्या आयोगाचे मत पडले. कामगाराचा खेड्याशी असलेला संबंध ही जमेची बाजू असून तो तोडू नये, असेही त्याने सांगितले. या मतात तथ्यांश होता. मुंबईच्या गिरण्यांतील कामगार रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून आलेला असे. संप लांबला किंवा पाळी बंद झाली म्हणजे तो गावी जाई. भाऊबंद त्यास भाकरी देत.

परंतु याचा दुसरा अर्थ कोणी पाहिला नाही. विलायतेत बेकाराचा जो खर्च विम्याच्या निधीवर पडे, तो येथे चार-पाच एकरांच्या जिराइतीवर पडत होता. गावी परतलेला माणूस म्हणजे त्याच ज्वारीच्या राशीवर एक तोंड अधिक आणि शहरातून येणारी मनिऑर्डर उणी, असा दुहेरी तोटा. हे साहाय्य सरकारी नव्हे. तथापि सरकारी धोरण त्यावरच उभे होते. लेखारंभी ज्या वहीचा उल्लेख केला ती हीच होय. ज्यास शेत नव्हते, म्हणजे भूमिहीन कुटुंबातून गिरणीत गेलेला, त्यास तर हा विमाही नव्हता; आणि अशांची संख्या थोडी नव्हती.

(७) स्वातंत्र्योत्तर काल

१९४९ साली सोलापूरची जुनी गिरणी बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. आवश्यक वस्तूच्या उत्पादनास बाध आला आणि गंभीर बेकारी उत्पन्न झाली, ही दोन कारणे त्यात नमूद होती. बेकारी हे सरकारी हस्तक्षेपाचे कारण म्हणून कायद्याच्या प्रस्तावनेत लिहिले जाणे, ही नवी गोष्ट होती. कंपनीच्या भागधारकांनी या कृतीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि १९५३ च्या अखेरीस निर्णय सरकारविरुद्ध लागला. १९५८ साली मुंबई राज्याने बेकारीनिवारणार्थ एखादा उद्योग विशेष संरक्षणाखाली चालविण्याची सोय करणारा कायदा केला. दुष्काळी कामाची कल्पना येथे गिरणीस लागू झाली, असे म्हणावयास हरकत नाही. दरम्यान १९५३ च्या दुरुस्तीने कामावरून कमी केलेल्या कामगारास, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मालकाने द्यावे, असे ठरले होते. १९७४ साली केंद्राने १०३ आजारी गिरण्या राष्ट्राच्या मालकीच्या केल्या. त्यांत औरंगाबाद, नांदेड व बार्शी येथील गिरण्याही होत्या.

कामगाराच्या स्वतःच्या हाती सरकारी वेतन देणारी योजना मात्र १५ सप्टेंबर १९८६ पासून अमलात आली. कायमच्या बंद पडलेल्या गिरणीतील पात्र कामगारास पहिल्या वर्षी वेतनाच्या शेकडा पंचाहत्तर, दुसऱ्या वर्षी पन्नास व तिसऱ्या वर्षी पंचवीस, अशी उतरती मदत तीत होती. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांची जी वाताहत झाली तिचे कारण परदेशी कापड नव्हते. यंत्रमागाची स्पर्धा, जीर्ण यंत्रे आणि मालकांचे दुर्लक्ष ही कारणे प्रमुख होत. म्हणून या योजनेस आयातीचा उपाय म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. तिचा दोष निराळा होता. गिरणी रीतसर ‘बंद’ ठरली तरच मदत. काम नाही, पगार नाही, परंतु बंदचा शिक्काही नाही, अशा अवस्थेत कामगार वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला तर योजना त्यास ओळखत नसे. हातमाग व यंत्रमागावरील मजूर तर तिच्या कक्षेबाहेरच होता. १९९२ च्या राष्ट्रीय पुनरुज्जीवन निधीचा हेतू पुनःशिक्षणाचा व पुनर्वसनाचा होता. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग सरकारी उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर गेला. १९८६ ची योजना २०१७ साली राज्य विमा महामंडळाच्या बेकारी भत्त्याच्या योजनेत विलीन झाली.

(८) तुलना व निष्कर्ष

आयातीमुळे बेकार झालेल्या कामगारास त्याच कारणास्तव साहाय्य देणारा कायदा अमेरिकेने १९६२ साली केला. परंतु अटी इतक्या कठीण की १९६९ पर्यंत एकाही कामगारगटाचा अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ साली त्या शिथिल केल्यावर तो फलद्रूप झाला आणि जुलै २०२२ पासून त्याखाली नवे अर्ज घेणे बंद झाले. युरोपीय संघाने २००६ साली अशाच हेतूने निधी स्थापिला. तेव्हा कारणाचे नाव लिहिल्याने सर्व साधते असे नव्हे. परंतु नाव न लिहिल्याने काय होते, हे आपल्या इतिहासाने दाखविले आहे.

वर उल्लेखिलेल्या आपल्याकडील साहाय्यांत १९३४ चे अनुदान वगळता, व्यापारधोरणामुळे झालेली हानी हे कारण कोणी उच्चारले नाही. विणकरास दुष्काळपीडित म्हटले, कामगारास बंद गिरणीचा नोकर म्हटले, आणि उरलेल्यास गावाकडचा माणूस म्हणून सोडून दिले. ज्या नावाने मदत येते त्या नावाची मुदत संपली की मदतही संपते. मूळ व्याधी तशीच राहते. १९७२ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांनी मराठवाड्यात असंख्य जीव वाचविले, हे आम्ही या भागातील लोक कृतज्ञतेने स्मरतो. परंतु ती शेतकऱ्याच्या अवर्षणाची संहिता होती. कसबाच्या अवर्षणासाठी निराळी संहिता हवी, ही टिळकांच्या योजनेतील जाण अजूनही पूर्णपणे कायद्यात उतरलेली नाही.

‘योगक्षेम’ या शब्दात योग म्हणजे नसलेले मिळविणे आणि क्षेम म्हणजे असलेले राखणे, असा अर्थ पूर्वाचार्यांनी सांगितला आहे. परदेशाशी व्यापार हा राष्ट्राचा योग होय. तो नको, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्या योगासाठी ज्याच्या हातचे काम जाते, त्याचा क्षेम त्याच योगातून झाला पाहिजे. तो भाऊबंदांच्या ज्वारीतून होणे न्याय्य नव्हे. या दृष्टीने संशोधकांस एक विनंती करावीशी वाटते. गिरण्यांच्या हजेरीवह्या, सहकारी विणकर संस्थांची दप्तरे, दुष्काळी कामांचे तक्ते आणि गावोगावच्या जुन्या मनिऑर्डरींच्या पावत्या अद्याप काही ठिकाणी शिल्लक आहेत. रद्दीत जाण्यापूर्वी त्या जमविल्या गेल्या, तर खेड्याने चालविलेल्या विम्याचा हिशेब प्रथमच आकड्यांत मांडता येईल.